चाळिशी लावून लिहिलेलं पत्र

हिंदीत रोमँटिक कॉमेडी लिहिणारे, काढणारे आणि त्यात पैसा घालणारे सर्व मान्यवर यांस,

नौपाडा, ठाणे येथून सप्रेम नमस्कार.

माझं चष्म्याचं दुकान आहे. सिनेमाशी माझा संबंध तिकीट काढण्यापुरता. तरी लिहितोय, कारण गेल्या नोव्हेंबरात पन्नाशीचा हिरो आणि त्याच्या निम्म्या वयाची हिरॉईन असलेल्या ‘दे दे प्यार दे’चा दुसरा भाग लागला आणि पुढचे दोन-तीन आठवडे माझ्या दुकानात नंबर कमी निघाले, मतं जास्त निघाली. ट्रायल फ्रेम नाकावर चढवलेली, एका डोळ्यावर काळी चकती, समोर भिंतीवर अक्षरं. असं बसवलं की माणसाला काय होतं कोण जाणे, तो मनातलं बोलायला लागतो. पूर्वी लोक न्हाव्याकडे बोलायचे. हल्ली न्हाव्याच्याच कानात इअरफोन असतो.

दुसरं कारण घरचं आहे. माझी बायको माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी आहे. मी ४४, ती ५३. म्हणजे तुमचा विषय आमच्या घरात रोज पहाटे साडेपाचला उठतो, दूध तापवतो आणि शाळेत शिकवायला जातो.

आधी गिऱ्हाइकांची मतं सांगतो.

पाचपाखाडीचे एक निवृत्त मास्तर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा चष्मा करायला आले होते. नातवंडांनी धरून नेलं म्हणून सिनेमा पाहिलेला. म्हणाले, “अहो, आमच्या ‘शारदे’त म्हातारा नवरा खलनायक होता. इथे तोच हिरो! सव्वाशे वर्षांत एवढंच झालं का?” देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९चं आणि मास्तरांनी तरुणपणी त्यात काम केलेलं, त्यामुळे त्यांचा आवाज लगेच शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा झाला. मी म्हटलं, सर, शारदेला विचारलं होतं का कुणी? बापाने पैशांच्या लोभाने तिचं लग्न ठरवलं होतं. ही सिनेमातली आयेशा स्वतःच्या पायांनी त्याच्याकडे आलेली, वर घरच्यांना दटावणारी. हे आणि ते एका तागडीत कसं घालायचं? मास्तर गप्प झाले, पैसे दिले, पायरी उतरले आणि परत वर आले. “बरं, तुलना नको. पण शारदेत प्रेक्षक त्या म्हाताऱ्याला हसायचे. इथे तो स्वतःच स्वतःवर आधी विनोद करून घेतो आणि सुटतो.”

हे मला बिनतोड वाटलं. तुमच्या सिनेमात वयावरचे सगळे टोमणे हिरोच्या बाजूने लिहिलेले असतात. टोमणा बसतो, प्रेक्षक हसतात आणि हसून झालं की हिशेब मिटतो.

(मास्तरांची एक चूक मात्र मी सुधारली नाही, वयाचा मान ठेवला. शारदा कायदा या नाटकामुळे आला आणि त्याचंच नाव कायद्याला पडलं असं ते म्हणाले. अर्ध्या महाराष्ट्राला तसंच वाटतं. बालविवाहाला आळा घालणारा १९२९चा तो कायदा ओळखला जातो हरबिलास सारडा यांच्या नावाने. त्यात मुलीचं किमान वय १४ आणि मुलाचं १८ ठरलं. ही चार वर्षं लक्षात ठेवा, पुढे लागतील.)

मग एक पन्नाशीचे गृहस्थ आले. सिनेमा आदल्या रात्रीच पाहिलेला, त्याचा अंमल उतरला नव्हता. तरुण दिसेल अशी फ्रेम हवी म्हणाले. काढून दिल्या सात-आठ. नंबर काढला तर जवळचा भरला दोन. बायफोकल म्हटल्यावर ते दचकलेच. “ती रेघ दिसते हो काचेवर!” मग बिनरेघेच्या प्रोग्रेसिव्ह काचेची किंमत सांगितली तेव्हा ते दुसऱ्यांदा दचकले, पण घेतली. मराठीत जवळच्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. केस रंगवता येतात, पोट आत ओढता येतं, पण डोळ्यातलं भिंग वयाबरोबर कडक होत जातं, त्याला काही करता येत नाही. चाळिशीच्या आसपास एक, सव्वा. पन्नाशीत दोनच्या घरात. साठीला अडीच. आधार कार्ड न बघता मी माणसाचं वय दोन-चार वर्षांच्या फरकाने सांगू शकतो. तुमच्या हिरोला मात्र मी आजवर मेन्यूकार्ड लांब धरून वाचताना पाहिलेलं नाही.

सगळ्यात प्रामाणिक मत एका कॉलेजातल्या मुलीचं. लेन्सचं सोल्युशन न्यायला आली होती. “काका, मला आवडला पिक्चर. तो फिट आहे, पैसेवाला आहे, ऐकून घेतो, मग काय प्रॉब्लेम?” थोडं थांबून म्हणाली, “पण आमच्या वर्गातल्या एका मुलाला बत्तीस वर्षांची बाई आवडते. त्याला आम्हीच आंटीबॉय म्हणतो.” आणि स्वतःच ओशाळली. तिला माझ्या घरचं ठाऊक नव्हतं. मी बाटली पिशवीत घातली, एक्स्पायरी बघून घे म्हटलं.

बाकी कुणी उलट बाजूने विचारलं नाही. हिरॉईन मोठी असती तर, हा प्रश्न लोकांच्या डोक्यातच येत नाही. येणार कुठून? तुम्ही दाखवलेलं नाही ना.

आम्ही दोघांनी तो दुसरा भाग शनिवारी रात्री मॉलमध्ये पाहिला. पहिल्या भागात, म्हणजे २०१९मध्ये, पन्नाशीचा लंडनवाला आशिष सव्वीसच्या आयेशाला घेऊन आपल्या घरी जातो. दुसऱ्यात ती त्याला आपल्या घरी नेते आणि दारात आर. माधवन बाप म्हणून उभा. सासरा आणि जावई एकाच वयाचे, हा मुख्य विनोद. खरं बघायला गेलं तर अजय देवगणचा जन्म १९६९चा आणि माधवनचा १९७०चा, म्हणजे पडद्यावरचा जावई सासऱ्याहून वर्षाने मोठाच. थिएटर हसत होतं. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. बायको माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “हा बाप एवढा ओरडतोय तो मुलीच्या काळजीने की स्वतःचं वय समोर येऊन उभं राहिलं म्हणून?” मागच्या रांगेतून कुणीतरी शू केलं.

मध्यंतरात समोसा खाताना ती तब्बूबद्दल बोलायला लागली, आणि इथे या पत्राची खरी सुरुवात आहे.

२००७मध्ये ‘चीनी कम’ आला. अमिताभ ६४ वर्षांचा आचारी, लंडनमध्ये स्वतःचं रेस्टॉरंट असलेला. तब्बू ३४ची. तो होऊ घातलेल्या सासऱ्याहून वयाने मोठा आणि सासरा परेश रावल उपोषणाला बसणारा. बारा वर्षांनी, ‘दे दे प्यार दे’च्या पहिल्या भागात, तीच तब्बू हिरोची आधीची बायको, मंजू. आता तिच्यासमोर सव्वीसची मुलगी उभी, आणि संसार सांभाळल्याचा मोठेपणा मंजूच्या पदरात. बारा वर्षांत एकाच नटीला तुम्ही टेबलाच्या या बाजूवरून उचलून त्या बाजूला बसवलंत. हिरोची खुर्ची जागच्या जागी. “तिला मधली दहा वर्षं मिळालीच नाहीत,” बायको म्हणाली. “एकदम तरुण, मग एकदम समजूतदार.”

‘चीनी कम’ तिला आवडतो हे सांगायला हवं, नाहीतर तिला उगीच खाष्ट ठरवाल. का आवडतो, तर त्यातलं भांडण वयावरून सुरू होत नाही, पुलावावरून सुरू होतं. झाफरानी पुलाव गोड झालाय म्हणून ती परत पाठवते आणि आचाऱ्याचा तिळपापड होतो. दोन हट्टी माणसं भेटली, एवढंच. वय नंतर. पहिला सगळा भाग त्या दोघांचा आहे. मग उत्तरार्धात बाप येतो, उपोषण येतं आणि सिनेमा ‘लग्नाला परवानगी मिळेल का’ या एका प्रश्नावर बसून राहतो. तुमचे सगळेच सिनेमे तिथे येऊन बसतात. परवानगी मिळाली की शेवटची पाटी.

आणि बाई मोठी असली की काय करता? ‘दिल चाहता है’ २००१चा, मी तेव्हा वीस वर्षांचा. डिंपलची तारा घटस्फोटित, दारू पिणारी, आणि तिच्यावर प्रेम करणारा अक्षय खन्नाचा सिद्धार्थ. शेवटी तिला मारूनच टाकली आणि पोराला त्याच्या वयाची मुलगी दाखवून मोकळे झालात. सिनेमा मला तेव्हाही आवडला होता, अजूनही आवडतो. पण लग्न ठरल्यावर माझ्या एका मित्राने पहिला प्रश्न विचारला तो म्हणजे, “तब्येत बरी आहे ना त्यांची?” त्याचा काही दोष नाही. त्याने एवढंच पाहिलेलं.

आता आमच्या घरचं सांगतो, कारण तुम्ही हातचं काय घालवताय ते कळू दे.

२०१२ साल. मी तीस, ती एकोणचाळीस. आईला कसं सांगायचं याचा विचार करत होतो, तेवढ्यात मार्चमध्ये सचिनने मीरपूरला बांगलादेशविरुद्ध शंभरावं शतक ठोकलं. घरात सगळे खूश. मी तो मुहूर्त साधला. म्हटलं, आई, अंजली सचिनपेक्षा साडेपाच वर्षांनी मोठी आहे, काही बिघडलं का त्यांचं? आई टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली, “तू पण मार शंभर शतकं, मग बघू.”

नोंदणी विवाह करायचा ठरला. फॉर्म दिला. खिडकीतल्या बाईंनी तो दोनदा वाचला आणि अगदी आपुलकीने म्हणाल्या, “दादा, जन्मतारखा उलट्या पडल्यात. वराच्या रकान्यात वधूची गेलीय.” मागे रांग. मी म्हटलं, बरोबर आहेत. त्यांनी आमच्या दोघांकडे पाहिलं, मग परत तारखांकडे, आणि शिक्का मारताना शाई जरा जास्तच लागली. त्यांनाही काय बोलणार? अजूनही कायद्याने मुलगी १८ची चालते आणि मुलगा २१चा लागतो. दोघांचं २१ करायचं विधेयक २०२१च्या डिसेंबरात लोकसभेत आलं आणि लोकसभा विसर्जित झाली तशी तेही बारगळलं. १९२९ला चार वर्षं होती, आता तीन. नवऱ्याला वयात आगाऊ रक्कम देण्याची ही जुनी पद्धत आहे.

यातलं काहीच तुमच्या कामाचं नाही असं वाटेल. तर मग खरी गंमत ऐका. ती लग्नानंतर सुरू होते.

मला मोठा भाऊ आहे, चार वर्षांनी मोठा. वहिनी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. म्हणजे माझी बायको नात्याने धाकटी जाऊ आणि वयाने थोरल्या जावेपेक्षा सात वर्षांनी मोठी. पहिल्या दिवाळीच्या पाडव्याला नमस्काराची वेळ आली. धाकटीने थोरलीच्या पाया पडायचं हा रिवाज. लहानाने मोठ्याच्या पाया पडायचं हाही रिवाज. दोघी एकमेकींसमोर उभ्या. वहिनी वाकायला गेली, कारण तिला वाटलं वय बघावं. ही वाकायला गेली, कारण तिला वाटलं नातं बघावं. दोघींची डोकी आपटली. ताटातलं निरांजन विझलं. आई म्हणाली, “शकुन बिघडला,” आणि वडील, जे लग्नापासून सहा महिने माझ्याशी जेमतेम बोलत होते, ते सोफ्यावर बसून पोट धरून हसायला लागले. त्यांना तसं हसताना मी फार वर्षांनी पाहिलं. तेव्हापासून दोघी फक्त हात जोडतात, तेही जरा अंतर ठेवून.

भावाची वेगळी पंचाईत. धाकट्या भावाच्या बायकोला नावाने हाक मारायची, अगं-तुगं करायचं. पण ती त्याच्याहून साडेचार वर्षांनी मोठी आणि वर शाळेतली बाई. वर्षभर त्याने तिला हाकच मारली नाही. “जरा मीठ मिळेल का?” असं हवेत बोलायचा. आणि ती त्याला दादा म्हणते! स्वतःच्या धाकट्या भावाहूनही लहान माणसाला दादा म्हणताना तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काय होतं ते टिपायला तुमच्याकडे चांगले कॅमेरामन आहेत.

ती मला अरे म्हणते. आमच्या चाळीतल्या जुन्या शेजारणी, ज्या आता घोडबंदरला टॉवरमध्ये राहतात, त्यांना वयापेक्षा हे ‘अरे’ जास्त खुपलं.

मूल झालं नाही. त्याबद्दल इथे लिहिणार नाही. ते हसण्यासारखं नाही आणि रडवून घ्यायला तुम्हाला इतर साहित्य आहे.

गेल्या डिसेंबरात ठाण्यात बऱ्यापैकी गारठा होता. आमच्याकडे पंखा पाचवर. तिची पाळी जाण्याचा काळ, रात्री एकदम अंग पेटतं, घामाने उशी ओली होते. मी दोन गोधड्या आणि कानटोपी घालून झोपतो. परवा मध्यरात्री ती उठून म्हणाली, “तू असा माकडटोपीत झोपलास की मला म्हाताऱ्याशी लग्न केल्यासारखं वाटतं.” सांगा, हा संवाद तुमच्या कुठल्या लेखकाने लिहिलाय?

ती ५८ला निवृत्त होईल तेव्हा मी एकोणपन्नासचा असेन. माझं दुकान चालू, ती घरी. ‘आता तू पण बंद कर दुकान, फिरायला जाऊ’ आणि ‘अगं, अजून कर्ज आहे’ हे भांडण आत्ताच सुरू झालंय. एसटीत तिला अर्धं तिकीट आणि मला पूर्ण, तेव्हा कंडक्टर काय समजतो यावर आमची पैज लागते. खरं तर २०२३पासून सगळ्याच बायकांना अर्धं आहे, पण ती म्हणते, तुझ्या तोंडावर दिसतं की तुला वेगळं वाटतंय.

तर मुद्दा असा आहे. वयाचं अंतर तुम्हाला लग्नाच्या दारापर्यंतच दिसतं. दार उघडेल की नाही, बाप हो म्हणेल की नाही. आम्ही दाराच्या आत चौदा वर्षं राहतोय आणि अंतर रोज जागा बदलतं. कधी ते नमस्कारात असतं, कधी पंख्यात, कधी पेन्शनच्या कागदावर. कधी महिनोन् महिने कुठेच नसतं, आणि मग एखादा रिक्षावाला तिला ‘मावशी’ आणि मला ‘भाऊ’ म्हणतो तेव्हा तीन हात नाक्यापर्यंत आम्ही दोघं बाहेर बघत बसतो.

माझी तक्रार पन्नाशीच्या हिरोबद्दल नाही. करा हो प्रेम त्याने. आमच्या ठाण्यात घोडबंदरच्या बाजूला ज्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे त्या डॉ. काशिनाथ घाणेकरांची पत्नी कांचन त्यांच्याहून बरीच लहान होती आणि तिने त्यावर ‘नाथ हा माझा’ लिहिलं. आमच्या आईच्या पिढीतल्या बायकांनी ते पुस्तक एकमेकींकडून मागून वाचलं. त्यातला नवरा गोडगोड नाही, म्हणून ते हातोहात फिरलं. मराठी माणूस वयाचं अंतर बघून दचकतो हे खरं नाही. २०१८ला ‘तुला पाहते रे’ लागली तेव्हा सुबोध भावेच्या विक्रांतचं आणि त्याच्याहून निम्म्या वयाच्या ईशाचं जमावं म्हणून माझी आई, हो हीच शंभर शतकंवाली, साडेआठला जेवणं उरकून टीव्हीसमोर बसायची. पुढे मालिकेने पुनर्जन्म काढला आणि विक्रांतच खलनायक निघाला तेव्हा तिला वैयक्तिक फसवणूक झाल्यासारखं वाटलं. दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. सून तिच्या शेजारी बसून ते सगळे भाग बघायची आणि दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही की आपल्याच घरात अंतर आहे. म्हणजे तिला ते अंतर दिसेनासं झालं होतं. आईने हो कधी म्हटलं ते मला आठवत नाही. परवानगीचा सीनच झाला नाही आमच्याकडे. शंभर शतकांची अट तशीच राहून गेली आणि एक दिवस ती सुनेला आपला जुना चष्मा देऊन म्हणाली, “याची काडी सैल झालीय, त्याला सांग, माझं ऐकत नाही.”

तेव्हा विनंती एवढीच. पुढचा भाग काढाल, काढणारच, तेव्हा एकदा रकाने उलटे भरून बघा. वराच्या रकान्यात वधूची तारीख. तिला मारू नका, समजूतदारही करू नका, दारू पाजू नका. तिला समोसा आवडू दे, पंखा पाचवर लागू दे. आणि तिच्या नवऱ्याला काहीतरी साधा धंदा द्या, लंडन नको.

चष्मा लागला तर या. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं.

आपला,
नौपाड्यातला एक चष्मेवाला

ता. क. : पत्र पाठवण्याआधी बायकोला वाचायला दिलं. तिची चाळिशी सापडेना म्हणून तिने माझी लावली. तिचा नंबर सव्वादोन, माझा सव्वा, त्यामुळे कागद हातभर लांब धरून वाचत होती. शेवटपर्यंत वाचलं. म्हणाली, “अक्षरं पुसट आहेत, पण एक चूक स्पष्ट दिसतेय. नऊ नाही. आठ वर्षं सात महिने.”